उशीर होणार, हे वेळेत सांगा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या ग्रुप प्रोजेक्टचं सबमिशन आलं की कॉलेजजवळच्या बाइंडिंगच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत गर्दी असते. काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं उमटवून घ्यायची असतात. आणि दुकानाच्या पायरीवर कुणीतरी लॅपटॉप उघडून बसलेलं असतं. चौघांनी वाटून घेतलेली चार प्रकरणं, प्रत्येकाचा फॉन्ट निराळा, आकृत्यांचे क्रमांक जुळत नाहीत, आणि चाचण्यांचं प्रकरण अजून आलेलंच नाही. ते ज्याच्याकडे होतं, तो फोन उचलत नाही.

अशा मुलाला आपण पटकन आळशी ठरवतो. मला ते पटत नाही. सेन्सर जोडायला उशीर झाला, म्हणून प्रोग्राम रखडला, म्हणून चाचण्या रखडल्या. ज्याचं काम सगळ्यात शेवटी, त्याच्या गळ्यात सगळ्यांचा उशीर येऊन पडतो. फोन न उचलणं चूकच. पण त्याचं काम कुठे अडलंय हे महिनाभर कुणी विचारलेलंही नसतं.

शिवाय आपला अंदाजच मुळात तोकडा असतो. १९९४ साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३४. सगळंच बिघडलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त! म्हणजे वाईटात वाईट धरलेला हिशेबही अपुरा पडला. ही मुलं एकेकटी काम करत होती. चौघांची कामं एकमेकांत अडकलेली असतील, तर काय होईल?

मग शेवटच्या आठवड्यात धावाधाव सुरू होते. 'दे, मी करतो तुझं,' असं म्हणत दोघं मदतीला येतात. भावना चांगली आहे, पण वेळ चुकलेली असते. आयबीएममध्ये मोठ्या सॉफ्टवेअरचं काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय, की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर नवी माणसं घातली तर ते आणखीच रखडतं. नव्याला समजावून सांगण्यात जुन्याचे तास जातात. मदत हवीच, पण ती प्रोजेक्टच्या दुसऱ्या महिन्यात.

विद्यार्थीमित्रांनो, गाईडने दिलेली तारीख शेवटची समजू नका. ग्रुपची आपली तारीख तिच्या निदान दोन आठवडे अलीकडे धरा. कुणाचं काम कुणावाचून अडणार, हे पहिल्याच बैठकीत कागदावर मांडा. लॉगबुक दर आठवड्याला भरा; एका बैठकीत सगळ्या सेमिस्टरच्या नोंदी केल्या तर त्या वहीचा कुणालाच उपयोग नाही. आणि कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणाचे जुने विषय राहिले असतील, कुणी नोकरी सांभाळून शिकत असेल, तर त्याचं काम उघडपणे वाटून घ्या आणि गाईडला तसं सांगा. गुपचूप त्याचं काम उरकून टाकणं ही मैत्री नव्हे. तोंडी परीक्षेत प्रश्न त्यालाही विचारले जातात, आणि जे त्याने केलंच नाही ते तो सांगणार कसं?

शिक्षकांनाही एक विनंती. 'कुठवर आलंय?' असं विचारलं की 'होत आलंय, सर' हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी 'आज काय चालतंय ते दाखवा' म्हणा, आणि चौघांनाही बोलायला लावा. उशीर आधी कबूल करणाऱ्याला रागावू नका. तो बोलणी खाऊन गेला, तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही. सरसकट मुदतवाढही टाळा. वेळेत काम संपवलेल्या ग्रुपवर तो अन्याय आहे.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी काही दिवस गप्प असेल, तर उद्याच्या पहिल्या लेक्चरआधी त्याला गाठा आणि काय अडलंय ते विचारा. आणि गप्प असलेले तुम्हीच असाल, तर आज रात्रीच ग्रुपला कळवा.