पडद्यावरचा आपला माणूस



२००४ साली ५१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. मराठी चित्रपटाला हा मान त्यापूर्वी एकदाच लाभला होता. १९५४ साली, पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत, आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते. मध्ये पन्नास वर्षे लोटली. पण दोन्ही चित्रपटांतील माणसे एकाच आळीत राहणारी वाटावीत इतकी जवळची आहेत. एका ठिकाणी दारिद्र्यातही मुलाला वळण लावणारी आई, तर दुसऱ्या ठिकाणी नातवाचा हात धरून शहरातील रुग्णालयाची पायरी चढणारे कोकणातले आजोबा.

‘श्वास’चे कथानक अगदी साधे आहे. परशुराम या लहान मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. प्राण वाचवायचे तर दृष्टी गमवावी लागणार. हे त्या बालकाला सांगायचे कोणी आणि कोणत्या शब्दांत, या एका प्रश्नावर चित्रपट उभा आहे. त्यात खलनायक नाही. डॉक्टर कामाच्या ओझ्याखाली दबलेले आहेत, पण निष्ठुर नाहीत. शस्त्रक्रिया लांबणीवर पडते तेव्हा आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून बाहेर पडतात. डोळे आहेत तोवर त्याने जग डोळे भरून पाहावे, एवढीच त्यांची इच्छा. अरुण नलावडे यांनी साकारलेल्या या आजोबांना दैव बदलता येत नाही. तरीही करण्याजोगे काही उरतेच आणि ते ते करतात. सामान्य माणसाचे मोठेपण असते ते येथे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. दिवसभर कष्टलेल्या माणसाला घटकाभर विसावा हवा असतो. त्याचेच दुःख त्याला पुन्हा कशाला दाखवायचे? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. साध्या माणसाची कथा दुःखाचीच असते असे कोणी सांगितले? १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ अवतरले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी मध्यमवर्गीय घरातील फजिती दाखवली आणि घरोघरी हशा पिकला. १९८८ साली आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेल्या ‘वागले की दुनिया’ने तेच केले. अंजन श्रीवास्तव यांचा वागले तुटपुंज्या पगारात सचोटी सांभाळताना धडपडतो. प्रेक्षक हसत असत. पण त्या हसण्यात तुच्छता नव्हती, ओळख होती.

पुढे वाहिन्यांची संख्या वाढली आणि प्रेक्षकसंख्येचा आकडा हाच निकष बनला. मालिकांतील घरे महालासारखी झाली, झोपतानाही दागिने अंगावर राहू लागले आणि कारस्थान हा कुटुंबाचा नित्यक्रम ठरला. रोजीरोटीसाठी कोणी कामावर जाताना क्वचितच दिसते. याचा परिणाम केवळ अभिरुचीपुरता राहत नाही. लोकलला लोंबकळत कामावर जाणारे वडील आणि पैपैचा हिशेब ठेवणारी आई यांच्यासारखे कोणीच पडद्यावर दिसले नाही, तर मुलांची हळूहळू समजूत होते की, या आयुष्यात सांगण्यासारखे काही नाही. आपल्याच घराविषयीची ही उदासीनता कोणत्याही अश्लील दृश्याइतकीच घातक आहे.

मग दोष केवळ निर्मात्यांचा का? ‘श्वास’ भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला तेव्हा तेथील प्रचारखर्चासाठी महाराष्ट्रातील सामान्य माणसांनी, शाळकरी मुलांनीही, आपापल्या परीने पैसे दिले. नामांकन मिळाले नाही. पण आपल्यासारख्यांची कथा आपली मानण्याची तयारी समाजात आहे, हे त्या वेळी दिसले. ही तयारी पुरस्काराच्या बातमीची वाट पाहत राहिली, तर मात्र फार उशीर होतो. असे चित्रपट पहिल्याच आठवड्यात प्रेक्षकांअभावी उतरवले जातात आणि पुढचा निर्माता त्यातून धडा घेतो.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने वर्षातून दोन-तीन वेळा तरी असा चित्रपट चित्रपटगृहात जाऊन, तिकीट काढून पाहावा. मुलांना सोबत न्यावे. घरी परतल्यावर जेवताना आजी-आजोबांना विचारावे, “तुमच्या वेळी असे काही घडले होते का?” त्या उत्तरांतूनच उद्याचा एखादा लेखक किंवा दिग्दर्शक घडेल.