दम : रक्तातला आणि मेहनतीचा



कागलात उभे राहून दमाविषयी बोलणे म्हणजे गुऱ्हाळात जाऊन गुळाची गोडी सांगण्यासारखे आहे. कुस्तीला राजाश्रय देणारे शाहू छत्रपती याच गावच्या घाटगे घराण्यातले. तेव्हा मी आपणांस कुस्ती शिकवणार नाही. एक प्रश्न तेवढा विचारणार आहे.

एकाच तालमीत दोन पोरे उतरतात. वस्ताद एक, जोर-बैठका त्याच, खुराकही तोच. सहा महिन्यांनी एकाचा दम दुणावतो. दुसरा चार पकडींतच धापा टाकतो. आपण दुसऱ्याला ‘अंगचोर’ म्हणून मोकळे होतो. हा न्याय झाला काय?

दम म्हणजे एका मिनिटात शरीर किती प्राणवायू वापरू शकते, त्याचे माप. आपण समजतो की सारा खेळ छातीच्या भात्याचा. पण निरोगी माणसाच्या फुफ्फुसांत बहुधा शिल्लक असते. कमी पडते ते हृदय. स्वस्थ बसलो असता ते मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकते; कसून मेहनत करताना २० लिटरपर्यंत जाते आणि मोठ्या खेळाडूंत त्याहूनही पुढे.

अमेरिका व कॅनडातील संशोधकांनी व्यायाम न करणाऱ्या सुमारे शंभर कुटुंबांतील ४८१ माणसांना २० आठवडे एकाच पद्धतीने सायकल मारायला लावली. निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. प्राणवायूचे माप सरासरीने मिनिटाला ४०० मिलिलिटरांनी वाढले. पण कोणाचे जवळजवळ तसूभरही वाढले नाही, तर कोणाचे लिटरभराहून अधिक वाढले! आणि हा फरक घराण्याघराण्यांत होता. त्यातला जास्तीत जास्त ४७ टक्के वाटा वारशाचा असावा, असा हिशेब निघाला. त्यातही घरच्या समान राहणीचा अंश असू शकतो.

म्हणजे पोर अंगचोर नव्हते. त्याचे अंगच सावकाश शिकणारे होते. मेहनत वाढवली तर अशांतले पुष्कळजण पुढे सरकतात, असेही नंतरच्या प्रयोगांत दिसले आहे. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव पैलवान बापाचे पुत्र होते. त्यांना बापाकडून रक्त मिळाले तसा आखाडाही मिळाला. यातले कोणते किती, हे कोण तोलणार?

परंतु वारशाची दुसरी बाजूही आहे, आणि खरे तर तीच सांगायला मी आलो. काही घराण्यांत हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड होतो. साधारण पाचशे माणसांत एकाला हा विकार असतो. पोर वरून धट्टेकट्टे दिसते आणि मेहनतीच्या भरात अकस्मात कोसळू शकते. हैदराबादच्या संशोधकांसह अनेकांनी २००९ साली दाखवले की, हृदयस्नायूच्या एका जनुकातील लहानसा तुकडा गळण्याचा दोष शंभरांतल्या सुमारे चार भारतीयांत आढळतो. त्याने उतारवयाकडे हृदय दुबळे होण्याचा धोका वाढतो. दोष असलेला प्रत्येकजण आजारी पडतो असे मात्र नाही.

म्हणून वस्तादांना आणि आईबापांना माझी विनंती आहे. पोराच्या हाती माती देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : घरात कोणी तरुणपणी अचानक गेले काय? मेहनत करताना याला कधी घेरी आली, छातीत दुखले काय? उत्तर ‘होय’ आले, तर आखाड्याआधी डॉक्टर गाठा. हृदयाचा आलेख व सोनोग्राफी करून घ्या. त्यात कमीपणा नाही.

रक्त आपण निवडीत नाही, मेहनत निवडतो. रक्ताची चौकशी करून मेहनत घालावी, एवढेच माझे सांगणे.