खाली कोण उतरणार?



मी इंजिनिअरिंगच्या पोरांना नीतिशास्त्र शिकवतो. पेपर सोपा. 'प्रामाणिकपणावर चार मुद्दे लिहा.' पोरं लिहितात, पास होतात, सुटतात.

पुस्तकात चॅलेंजर यान हमखास असतं. २८ जानेवारी १९८६. थंडीनं रबराची ओ-रिंग ताठरली, यान फुटलं, सात जण मेले. थायोकोल कंपनीचे इंजिनिअर आदल्या रात्री सांगत होते, उडवू नका. वरच्यांनी ऐकलं नाही. धडा हा की धोका दिसला तर बोला. धडा खराच आहे. पण त्या सातांची नावं जगाला पाठ होती. ज्याचं नाव हजेरीपटावरसुद्धा नाही, त्याच्यासाठी कोण बोलणार?

म्हणून मी फळ्यावर गटाराचं ड्रॉइंग काढतो. पाइपाचा व्यास, उतार, दोन मॅनहोलमधलं अंतर. पोरं पटापट गणित मांडतात. मग मी विचारतो, तुंबल्यावर खाली कोण उतरणार? वर्ग गप्प. मागून एकजण म्हणतो, 'सर, ते मेंटेनन्सचं काम.' मेंटेनन्स! साबणानं धुतलेला शब्द. त्याच्यामागे एक माणूस उभा आहे, आणि त्याची जात या देशात कुणाला विचारावी लागत नाही.

खाली हायड्रोजन सल्फाइड असतो. हवेपेक्षा जड. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो, वाढला की नाकच बधिर होतं. वास गेला, धोका टळला असं वाटतं, आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. हा वायू पोरांच्या सिलॅबसात आहे. तो माणूस नाही.

कायदे १९९३ ला झाले, २०१३ ला झाले. सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मरणाची भरपाई २०१४ मध्ये दहा लाख केली, २०२३ मध्ये तीस लाख. भरपाई वाढली, मरणं चालूच आहेत. आणि यंत्र जमत नाही असंही नाही. २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला तरुण इंजिनिअरांनीच बनवलेला बँडिकूट नावाचा रोबो मॅनहोलमध्ये उतरला.

तुमच्यातले काहीजण उद्या टेंडर लिहितील, नकाशावर सही करतील. माझं मागणं एवढंच : नीती वेगळ्या पेपरात कोंडू नका. सही करण्याआधी प्रत्येक ड्रॉइंगला विचारा, हे बिघडलं तर खाली कोण उतरणार? उत्तर 'माणूस' असं आलं तर सही करू नका. ड्रॉइंग पुन्हा काढा.

जयभीम.