एका अल्पायुषी मासिकाची हकीकत

नियतकालिकाचे मोल त्याच्या वयावरून करण्याची आपल्याला सवय आहे. जे पन्नास-साठ वर्षे चालले ते थोर आणि जे दोन-तीन वर्षांत मिटले ते फसले, असा हिशेब आपण सहज मांडून मोकळे होतो. हा हिशेब किती अपुरा असतो, हे एका मासिकाच्या हकीकतीवरून दिसून येईल. मासिक हिंदी होते; पण ते चालविणारी मंडळी मराठी होती आणि त्या हकीकतीचा शेवटचा धागा आमच्या जबलपुरात येऊन मिळतो.

जानेवारी १९०० मध्ये हिंदीत दोन मासिके जन्मास आली. एक अलाहाबादची ‘सरस्वती’. तिच्या पाठीशी इंडियन प्रेससारखा समर्थ छापखाना होता. दुसरे ‘छत्तीसगढ मित्र’. ते निघाले बिलासपूरकडील पेंड्रा या आडवळणाच्या गावातून. तेथे छापखानाच नव्हता. अंक छापून यावयाचा तो प्रथम रायपूरहून आणि पुढे नागपूरहून. संपादक होते माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर; प्रकाशक वामन बळीराम लाखे. सप्रे यांचा जन्म १८७१ सालचा, दमोह जिल्ह्यातील पथरिया गावचा. जबलपूरच्या रॉबर्टसन कॉलेजात ते काही काळ शिकले. पुढे पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकविण्याचे काम त्यांना मिळाले आणि त्या वेतनातून शिल्लक टाकून त्यांनी मासिकाचे भांडवल जमविले.

मराठीत ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये आणि चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली होती. पुस्तकाची नुसती पोच न देता त्याचे गुणदोष उलगडून दाखवावेत, ही दृष्टी मराठी वाचकाच्या अंगवळणी पडू लागली होती. सप्रे यांनी तीच दृष्टी हिंदीत रुजविण्याचा यत्न केला. त्यांच्या मासिकातील ग्रंथपरीक्षणांचा हिंदी समीक्षेच्या इतिहासात आजही आदराने उल्लेख होतो. एप्रिल १९०१ च्या अंकात त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही लहानशी कथा आली. विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला त्या झोपडीतील टोपलीभर मातीही उचलवत नाही, एवढेच तिचे कथानक. पण हिंदीतील अगदी आरंभीच्या लघुकथांत तिची गणना होते.

इतके असूनही तोटा वाढतच गेला आणि डिसेंबर १९०२ च्या अंकानंतर मासिक बंद पडले. ‘सरस्वती’ पुढे कित्येक दशके चालली. ‘मित्र’ अवघी तीन वर्षे जगला.

सप्रे मात्र थांबले नाहीत. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू करून टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेले. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली सप्रे यांनाही अटक झाली. घरच्यांच्या आग्रहापुढे त्यांचे मन नमले; त्यांनी माफीपत्रावर सही केली व ते सुटले. ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळून चालणार नाही. सही करून त्यांना सुख लाभले नाही. त्यांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले, माधुकरी मागून दिवस कंठले आणि समर्थांच्या दासबोधात आधार शोधला. त्या चिंतनातून दासबोधाचा हिंदी अनुवाद सिद्ध झाला. पुढे १९१६ मध्ये ‘गीतारहस्य’ही त्यांनीच हिंदीत आणले. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ग्रंथ, त्या तुरुंगवासाला सामोरे जाण्यास जो कचरला त्याच्याच लेखणीने उत्तर हिंदुस्थानापर्यंत पोहोचला. प्रायश्चित्त याहून कोणते असावे?

आता जबलपूरचा धागा. ‘हिंदी केसरी’ने एक निबंधस्पर्धा घेतली होती. तिच्यात खांडव्याचे एक तरुण शिक्षक पहिले आले. ते माखनलाल चतुर्वेदी. सप्रे यांनी ही लेखणी हेरून ठेवली. १७ जानेवारी १९२० रोजी जबलपुरातून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक निघाले, तेव्हा त्याच्या उभारणीत सप्रे अग्रभागी होते. पण संपादकाच्या जागी त्यांनी माखनलालांना बसविले. पुढल्याच वर्षी माखनलाल तुरुंगात गेले. पत्र खंडित झाले, तरी १९२५ मध्ये खांडव्याहून ते पुन्हा सुरू झाले. सप्रे १९२६ मध्ये रायपूर येथे निवर्तले.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांपुढे एक प्रश्न नेहमी उभा असतो : आपली भाषा जपावी, की शेजाऱ्याची आपलीशी करावी? सप्रे यांनी ही निवड केलीच नाही. मराठीत जे वाचले, ते त्यांनी हिंदीला दिले. दासबोध त्यामुळे उणा झाला नाही, त्याला नवे वाचक मिळाले. आणि ‘मित्र’ची ती तीन वर्षे? तेथे जो संपादक घडला, त्याने पुढे दुसरा संपादक शोधून काढला. भोपाळमध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या वृत्तपत्र-संग्रहालयाला सप्रे यांचेच नाव दिलेले आहे. तोट्याच्या वहीत ज्याची नोंद झाली, त्या मासिकाची खरी जमा ही अशी आहे.