कुलाब्याच्या तोफेवरील अक्षरे

भरतीच्या वेळी होडीने आणि ओहोटीच्या वेळी पायी, अशा दोन्ही रीतींनी जेथे जाता येते, तो अलिबागचा कुलाबा किल्ला महाराष्ट्रास सुपरिचित आहे. १६८० च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्याचे बांधकाम सुरू झाले आणि पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते प्रमुख ठाणे बनले. प्रचंड शिळा चुन्याशिवाय एकमेकींवर रचल्या असल्यामुळे लाटेचे पाणी फटींतून शिरते, ओसरते आणि तट उभाच राहतो.

या किल्ल्याच्या उत्तरेकडील तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत. सहलीस आलेली मुले त्यांवर हात ठेवून छायाचित्रे काढून घेतात आणि घरी जाऊन "कान्होजींच्या तोफा पाहिल्या" असे सांगतात. ही समजूत भक्तिभावाची असली तरी खरी नव्हे. त्यांवरील इंग्रजी अक्षरांत यॉर्कशायर परगण्यातील लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचे नाव आहे. तो कारखाना १७९१ मध्ये सुरू झाला. कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी त्यांनी परतवून लावली, तेव्हा या तोफांचे लोखंड अद्याप खाणीतच होते! पुढे १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान कंपनी सरकारने खालसा केले.

मग आंग्र्यांच्या तोफा कशा होत्या? त्यांची खरी जागा तटाइतकीच गलबतावर होती. गुराब या जहाजाच्या नाळेवर समोर रोखलेल्या दोन तोफा असत आणि त्या नऊ ते बारा पौंडी गोळा फेकीत. बाजूंच्या तोफा त्याहून हलक्या. वल्ह्यांनी चालणाऱ्या लहान गलबतांवर तर दोन ते चार पौंडी गोळ्यांच्याच तोफा बसवीत. पाठलाग करताना नाळेवरील मारा उपयोगी पडे आणि उथळ पाण्यात परदेशी जहाजांस या नौकांमागे येता येत नसे. आरमाराचे सामर्थ्य तोफेच्या आकारावर मोजण्याची आपली सवय येथे फसते.

तात्पर्य, लो मूरच्या तोफा कमी मोलाच्या ठरतात असे मुळीच नाही. मराठ्यांच्या दर्यावरील सत्तेनंतर कोण आले, हे त्या स्वतःच्या अंगावर लिहून बसल्या आहेत. हा लेख वाचता आला पाहिजे, एवढेच.

दुर्दैवाने कित्येक गावांत जुन्या तोफेस उत्साहाने चंदेरी रंग फासला जातो, अथवा चौकातील ओट्यात सिमेंटने तिची पिछाडी पक्की केली जाते. नेमक्या तेथेच खुणा असतात. इंग्रजी बनावटीच्या तोफेवर पुष्कळदा वजनाचे तीन आकडे कोरलेले आढळतात. पहिला हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चौथाईचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. २०-२-१४ असे आकडे असल्यास वजन २,३१० पौंड, म्हणजे सुमारे १,०४८ किलो होते. सातवीच्या वर्गास हे गणित सहज जमेल, आणि फळ्यावरच्या उदाहरणापेक्षा ते अधिक काळ स्मरणात राहील.

समुद्राच्या तळातून निघालेल्या तोफेविषयी मात्र विशेष सावधगिरी हवी. ओतीव लोखंडात मुरलेले क्षार हवेत येताच काम करू लागतात आणि वरून धड दिसणारी तोफ काही काळातच पापुद्र्यांनी सुटू लागते. ती वर काढून चौकात मांडण्याची घाई करू नये. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा विचार १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यात केलेला आहे. ग्रामपंचायतीने तहसीलदारांमार्फत पुरातत्त्व खात्यास पत्र धाडावे आणि तोवर तोफ होती तेथेच राहू द्यावी.

कुलाब्यास मुलांना नेणाऱ्या शिक्षकांनी भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी. सकाळचे तिरपे ऊन पडले असता झिजलेली अक्षरेही ठळक दिसतात. ती खरवडण्याची गरज पडत नाही.