पोटाचे निरोप आणि यकृतातली चरबी



आपण 'काळीज' म्हणतो आणि हात छातीवर ठेवतो. पण खाटकाच्या दुकानात काळीज मागितले तर तो काय देतो? तांबूस-काळा, मऊ, जड तुकडा देतो. ते यकृत. डॉक्टर त्यालाच लिव्हर म्हणतात. माणसाचे यकृत उजव्या बरगड्यांखाली असते. वजन भरते सव्वा ते दीड किलो. आज त्याच्याबद्दल बोलायचे आहे, आणि विशेष करून बायकांच्या यकृताबद्दल.

त्याचे कारण सांगतो. एखादी बाई दुसऱ्याच कशासाठी तरी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. कागदावर 'फॅटी लिव्हर' असे येते. म्हणजे यकृतात चरबी साठली आहे. मग कुजबुज सुरू होते. "लिव्हर म्हंजे दारूचा आजार. हिला कसा झाला?" ती बिचारी लाजून कागद ट्रंकेत ठेवते आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

दारूने यकृत बिघडते हे खरेच आहे. पण जिने उभ्या जन्मात थेंब घेतला नाही, तिच्याही यकृतात चरबी साठते. यात लाजायचे काय? कागद दडवला तर मात्र धोका आहे. हा आजार दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्षे मुका राहतो. पुढे काही जणींच्या यकृताला सूज येते, मग आत व्रण पडतात. फारच पुढे गेले तर यकृत निबर होते आणि कामातून जाते.

चरबी येते कोठून? यकृत हे आपल्या घरातल्या कणगीसारखे आहे. खाल्लेल्या अन्नातली साखर रक्तातून तिथे जाते. लागेल तेवढी यकृत शरीराला देते, थोडी साठवते, आणि उरलेल्या साखरेची चरबी करते. कणगी भरली तरी वरून ओतणे चालूच राहिले तर काय होणार?

ओतणे थांबवा, असे सांगायचे काम बऱ्याच अंशी आतड्याचे. आतडे नुसते अन्न पुढे ढकलत नाही. ते रक्तात काही रस सोडून निरोप धाडते. या रसांना हार्मोन म्हणतात. शाळेच्या पुस्तकात 'संप्रेरक' असा शब्द आहे, तो जिभेला जरा जडच जातो. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शास्त्रज्ञांनी असा पहिला रस शोधून काढला, तो आतड्यातलाच होता.

पोट रिकामे झाले की जठर 'घ्रेलिन' नावाचा रस सोडते. कोतवालाने दवंडी द्यावी तसा तो मेंदूला सांगतो, "भूक लागली हो!" अन्न आतड्यात उतरले की दुसरा रस सुटतो. त्याचे नाव जीएलपी-१. तो मेंदूला म्हणतो, "आता पुरे." जठराला म्हणतो, "दमानं घे." आणि स्वादुपिंडाला सांगतो, "इन्सुलिन सोड, साखर वाढतेय." एवढी कामे करणारा हा रस रक्तात दोन-चार मिनिटेच टिकतो. शिवाय 'पुरे' हा निरोप मेंदूला पटायला १५-२० मिनिटे लागतात. भरभर जेवणारा माणूस तोवर एखादी भाकरी जास्तच खाऊन बसतो.

'पुरे' हा निरोप जोरात जातो तो मटकी, हुलगे, डाळ, अंडे, दूध अशा अन्नाने. भाकरी आणि पालेभाजीतल्या चोथ्यानेही जातो. गोड चहाने किंवा थंड पेयाच्या बाटलीने तो नीट जात नाही. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोजचा. तो मुख्यतः यकृताकडेच जातो, आणि भुकेची दवंडीही त्याने धड थांबत नाही.

आता आपल्या चुलीपाशी या. घरात उसळ होते. आधी पोरे जेवतात, मग गडीमाणसे, मग सासू. बाईची पाळी शेवटी. तोवर पातेल्यात मटकी उरत नाही, नुसता रस्सा उरतो. ती रस्सा-भाकरी खाते आणि भांड्यांना बसते. दोन तासांनी पोटात कालवाकालव होते. मग काय? चहा! एकादशीला साबुदाणा, बटाटा आणि वर पुन्हा चहा. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचे आणि सगळ्यांच्या मागून निजायचे, हे वेगळेच. झोप कमी झाली की घ्रेलिन वाढते, हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. माझ्या मते आपल्या बायकांचा हा आजार निम्मा तरी जेवणाच्या पंगतीत ठरतो.

आपला अहिल्यानगर जिल्हा साखरेचा. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, त्यानंतर या जिल्ह्यात कितीतरी घरे उसावर उभी राहिली. साखरेला शिव्या द्यायला मी उभा नाही. पण हिशेब करून पाहा. दिवसाला ५ कप चहा, कपाला २ चमचे साखर. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर दिवसाचे ५० ग्रॅम, महिन्याचे दीड किलो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम.

बायकांच्या शरीरात आणखी एक गोष्ट आहे. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन नावाचे हार्मोन यकृताची थोडी राखण करते. पंचेचाळिशी-पन्नाशीत पाळी जाते, तशी ती राखणही जाते. चरबी पोटावर आणि यकृतात साठू लागते. गरोदरपणी जिला मधुमेह झाला होता किंवा जिची पाळी वर्षानुवर्षे अनियमित आहे, तिने आधीपासूनच जपावे.

"मी तर काटकुळी, मला कशी चरबी?" असेही कोणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळे तपासली. आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने कमी, सरासरी २.७ किलोची. तिकडची साडेतीन किलोची. पण हाडे-मांस जितके कमी होते, तितकी चरबी कमी नव्हती. बंगालमधल्या खेड्यांचा एक अभ्यास २०१० साली छापून आला. तिथे यकृतात चरबी असलेल्यांपैकी बहुतेक जण लठ्ठ नव्हतेच.

म्हणून काट्यापेक्षा कंबर मोजावी. टेप नसला तर सुतळी घ्यावी आणि पट्टीवर धरावी. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेली की सावध व्हावे. आशाताई तिशीच्या पुढच्या सर्वांची कंबर मोजून अर्जात लिहितात. त्यांना नको म्हणू नये.

चांगली गोष्ट अशी की ही चरबी उतरते. ७० किलोच्या बाईचे साडेतीन किलो वजन हळूहळू उतरले तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते. ५ ते ७ किलो उतरले तर सूजही ओसरते. त्यासाठी उपाशी राहू नये. उसळीची एक वाटी बाईसाठी आधीच बाजूला काढावी, म्हणजे ती शेवटी जेवली तरी तिला मिळेल. चहातली साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत न्यावी, जीभ कुरकुरत नाही. शेतात राबणे वेगळे, तरी रोज अर्धा तास झपाझप चालावे.

जीएलपी-१ सारखे काम करणारी इंजेक्शनेही आता निघाली आहेत. ती महाग आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नसतात. झाडपाल्याचा काढाही विचारल्याशिवाय घेऊ नये, काही काढे यकृतालाच बाधतात.

व्रण पडले आहेत का, याचा पहिला अंदाज साध्या रक्ततपासणीवरून येतो. यकृताच्या दोन तपासण्या, प्लेटलेटची संख्या आणि वय, एवढ्यावर डॉक्टर गणित मांडतात. ग्रामीण रुग्णालयात त्याबद्दल विचारावे, आणि जाताना सोनोग्राफीचा जुना कागद बरोबर न्यावा.