काटा लालवर गेला तर आधी मोजा
(शहाड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मुरबाड रस्त्यावर जा-ये करणाऱ्यांना पोकलेन काही नवा नाही. आमण्यापर्यंत आलेला समृद्धी महामार्ग, बदलापूरकडून जाणारा वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग आणि आपल्याच गल्लीत खोदले जाणारे इमारतींचे पाये, या सगळ्यावर आपल्या भागातल्या कितीतरी पोरांचं घर चालतं. कुणी ऑपरेटर आहे, कुणी हेल्पर, कुणी मेकॅनिक. त्यांच्यासाठी आज बोटभर लांबीच्या एका वस्तूबद्दल बोलणार आहे: इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर.

साइटवर काय होतं ते तुम्ही रोज बघता. काटा लालवर जातो, बझर वाजतो, इंजिनाची ताकद कमी होते. कुणीतरी म्हणतं, "सेन्सर गेला." नवा आणून बसवतात. दोन तासांनी पुन्हा तेच. मग कुणी हुशार कपलर काढून तिथे एक रेझिस्टर जोडतो, काटा मधोमध स्थिर राहतो आणि काम सुरू होतं. या शेवटच्या प्रकाराची मला मनापासून चीड आहे. साक्षीदाराचं तोंड दाबल्याने गुन्हा थांबत नाही. हेड क्रॅक होतं, इंजिन सीज होतं, आणि बोल मात्र ऑपरेटरला लागतो.

हा पाहा सेन्सर. पितळी बॉडी, टोकाशी आत थर्मिस्टर. तापला की त्याचा रोध कमी होतो. रोध असा घटतो, हे मायकेल फॅरेडेने 1833 मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर पाहिलं होतं. आता मल्टिमीटर ओहमवर लावतो. आत्ता, या हॉलमध्ये, अडीच हजारांच्या खाली. टोक गरम पाण्यात बुडवतो. आकडा उतरतोय बघा, हजार, सातशे, पाचशे. 80 अंशांना तीनशे-सव्वातीनशेपर्यंत येईल, उकळत्या पाण्यात दोनशेच्या आत. कंपनीगणिक आकडे बदलतात, तेव्हा मॅन्युअलमधला तक्ता बघायचाच. पण उतार असाच सलग हवा. मध्येच उडी मारली किंवा आकडा अडकला, तर सेन्सर खराब. एवढं करायला किटली, थर्मामीटर आणि मीटर पुरतं.

सेन्सर चांगला निघाला, तर वायरिंगकडे वळा. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, सेन्सरला 5 व्होल्ट देतो आणि परत किती येतं ते वाचतो. वायर तुटली तर पूर्ण 5 दिसतात, म्हणजे त्याच्या हिशेबी इंजिन बर्फासारखं थंड. वायर घासून बॉडीला टेकली तर शून्याजवळ, म्हणजे भयंकर गरम. म्हणून कपलर काढून पाहा: वाचन एकदम थंड झालं पाहिजे. मग कपलरच्या दोन पिना जंपर वायरने जोडा: एकदम गरम झालं पाहिजे. दोन्ही झालं तर वायर आणि ईसीएम ठीक. टेस्ट लॅम्प मात्र इथे लावू नका, ईसीएमला तो सोसत नाही.

1 एप्रिल 2021 पासून बॅकहो लोडरसारख्या चाकांच्या यंत्रांना भारत स्टेज 4 चा नियम लागू झाला. तेव्हापासून बहुतेक नव्या मशिनवर कोड वाचता येतो. 110 हा कूलंटच्या तापमानाचा क्रमांक. त्यापुढे 3 असेल तर व्होल्टेज जास्त, तुटलेली वायर शोधा. 4 असेल तर कमी, शॉर्ट शोधा. आणि 0 असेल तर सेन्सर खरं बोलतोय, इंजिन खरोखर तापलंय! तिथे सेन्सर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. काही कंपन्यांचे कोड वेगळे असतात, पण वायरचा दोष वेगळा आणि खरं तापणं वेगळं, हा भेद सगळीकडे आहे.

जुन्या मशिनवर एकाच वायरचा सेन्सर, म्हणजे सेंडर, असतो. त्याचं अर्थिंग आटे करतात. आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली की काटा खोटं बोलायला लागतो.

आपल्याकडे पावसाळा वेगळा विचारात घ्यावा लागतो. 2005 आणि 2019 च्या पुरात उल्हास नदीने काय केलं ते शहाडकरांना सांगायला नको. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या मशिनच्या कपलरमध्ये हिरवा गंज चढतो. प्रेशर पंपाने धुतलं तरी तेच. कपलर उघडून पिना पाहा, इंजिन चालू ठेवून हार्नेस हलवून पाहा. एकाच वेळी चार-पाच कोड आले, तर सगळे सेन्सर एकदम जात नाहीत. आधी अर्थिंग पाहा.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट. कूलंट कमी झालं की सेन्सरचं टोक पाण्याऐवजी वाफेत लटकतं. काटा नॉर्मल दाखवतो आणि आत इंजिन भाजत असतं. म्हणून सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी पाहा. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, चेहरा भाजतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरू नका, क्षार साचतात. आणि "तापतंय" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू नका. इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त खातं.

इथे बसलेल्या मालकांना विनंती आहे. प्रत्येक मशिनच्या टूलबॉक्समध्ये एक मल्टिमीटर आणि एक टेंपरेचर गन ठेवा. काटा काय म्हणतो आणि थर्मोस्टॅट हाउसिंगवर गन काय म्हणते, हे ऑपरेटरला आधी पडताळू द्या. आणि ऑपरेटरने मशिन थांबवलं, तर त्याचा रोज कापू नका.